तेल घातलं होतंस?

भंगारवाल्याने घण उचलला होता. मागच्या पत्र्याच्या शेडमधलं ते जुनं इंजिन अख्खंच्या अख्खं दारातून बाहेर निघणं शक्य नव्हतं. तेव्हा आधी त्याची दोन्ही जड चाकं फोडायची, मग धडाचे तुकडे करायचे आणि टेम्पोत भरायचे, असा त्याचा सरळ बेत होता. घण खांद्यामागे गेला आणि दारात उभा असलेला घरमालक "थांबा!" असा काही ओरडला की भंगारवाला घणासकट मागे पडता पडता वाचला.

"काय झालं काका? साप निघाला का?"

"नाही. इंजिन द्यायचं नाही."

"अहो, सकाळी तुम्हीच तर बोलावलंत!"

"सकाळी द्यायचं होतं. आता नाही द्यायचं."

आता हा घरमालक म्हणजे काही हट्टी माणूस नव्हे. चौतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात खिडकीआड बसून त्याने औषधं दिली. बाटली कपाटातून काढताना चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजताना वाचायची आणि बाटली परत ठेवताना वाचायची, असा तिथला नियम होता. तो नियम बाकीचे साहेब समोर असले की पाळायचे. हा मात्र स्वतःच्या घरातही पाळायचा. दाराची कडी तीनदा ओढून बघायची, शेगडी तीनदा बघायची, टाकलेलं पत्र पेटीत खरंच पडलं का ते बघायला वाकून फटीत डोळा लावायचा. दवाखान्यातल्या नर्सांनी त्याचं नाव ठेवलं 'तीनदा'. ते नाव दवाखान्यातून घरी आलं, घरातून गल्लीत गेलं आणि निवृत्त झाल्यावरही त्याने काही पाठ सोडली नाही. आपणही त्याला तीनदाच म्हणू, उगाच कशाला नवं नाव द्या.

भंगारवाला बडबडत निघून गेल्यावर तीनदाची बायको बाहेरच्या खोलीतून कापडाचा तुकडा हातात घेऊनच आली. ती घरी शिवणकाम करायची, आणि तिचं मशीन लग्नाआधीपासूनचं असूनही कधी कुरकुरलं नव्हतं.

"आता ते इंजिन काय देव्हाऱ्यात ठेवायचंय?"

"दुरुस्त करतो म्हणतोय."

"कोण? तुम्ही?" तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "बल्ब बदलायला तुम्हाला दुपार लागते. या घरात यंत्राला तेल घालणारी आजवर मी एकटीच आहे हो."

ती थट्टेनेच म्हणाली. पण तीनदाच्या आयुष्याची सगळी गोची त्या एका वाक्यात होती आणि बायकोला त्यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं.

बेचाळीस वर्षांपूर्वी हेच इंजिन त्याच्या वडिलांच्या लाकडाच्या वखारीत चालायचं. इंजिनावरून एक लांब पट्टा करवतीला जायचा आणि दिवसभर ओंडके चिरले जायचे. इंजिनाच्या कुशीला एक तेलाची पेटी होती. तिच्याखाली मुठीएवढा पंप. तो पेटीतलं तेल थेंबाथेंबाने आतल्या बेअरिंगांना पोचवायचा. रोज सकाळी ती पेटी भरायची, एवढं एकच काम वडिलांनी बाविशीतल्या मुलाला दिलेलं होतं. बाकी इंजिनाला हात लावायचा मान मिस्त्रीचा. मिस्त्री तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेरचा, देखणा, आणि आपल्या कामाचा ताठा मिशीवर बाळगणारा. त्याने नुकतंच अख्खं इंजिन उघडून, धुऊन-पुसून पुन्हा जोडलेलं होतं, आणि त्याला दोनच दिवस झाले होते.

त्या दुसऱ्या दिवशीच दुपारी इंजिन एकदम किंचाळलं. हो, किंचाळलंच. मग एक हिसका बसला, चाकं जागच्या जागी थांबली, पट्टा तुटला आणि चाबकासारखा फिरून तेलाच्या पेटीवर बसला. पेटी फुटली. तिच्यात जे काही होतं-नव्हतं ते खालच्या भुशात गेलं, आणि खालचा भुसा तर वर्षानुवर्षांच्या तेलाने आधीच काळाकुट्ट. पेटी भरलेली होती की रिकामी, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं.

वडील आले. त्यांनी मुलाला एवढंच विचारलं, "तेल घातलं होतंस?"

"हो," तो म्हणाला.

आणि म्हणताक्षणी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आठवत नाही. कालचं तेल घालणं आठवत होतं, परवाचं आठवत होतं. आजचं? डबा हातात घेतल्यासारखं वाटत होतं, पण ते रोजच वाटायचं. त्याने तोंड उघडेपर्यंत वडील मिस्त्रीकडे वळले होते. तेल होतं आणि तरी इंजिन जाम झालं, म्हणजे जोडणाराच चुकला. मिस्त्री म्हणाला, एकदा उघडून बघू द्या. वडिलांनी त्याला इंजिनाला बोट लावू दिलं नाही. सगळ्या माणसांसमोर त्याला वखारीबाहेर काढलं, आणि महिन्याभरात विजेची मोटर आणून बसवली. इंजिन शेडमध्ये गेलं. मिस्त्रीचं नाव मात्र सगळ्या वखारींत आणि गिरण्यांत बदनाम झालं. त्यानंतर त्याला कुणी इंजिन दिलं नाही. स्टो, कुलपं आणि सायकली दुरुस्त करून त्याने जन्म काढला.

तीनदाने त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट तीनदा बघायला सुरुवात केली. वडील गेले, पण त्यांना तो हे सांगू शकला नाही. बायकोला सांगितलं नाही. इंजिन भंगारात गेलं की सुटलो, असं त्याला वर्षानुवर्षं वाटत होतं, आणि घण वर गेला तेव्हा त्याला कळलं की उत्तरही त्याच्याबरोबरच फुटणार आहे. आपण त्या माणसाच्या पोटावर पाय आणला की नाही आणला, हे मरेपर्यंत कळणार नाही. ते त्याला सहन होईना.

तर असा हा माणूस वयाच्या चौसष्टाव्या वर्षी इंजिन उघडायला बसला. पाने शेजाऱ्याकडून मागून आणलेले, आणि ज्ञान शून्य. पहिल्या दिवशी त्याने इंजिनाभोवती फिरून फिरून नुसती चित्रं काढली. दुसऱ्या दिवशी एक नट सोडवला. तो निघाला याचंच त्याला इतकं आश्चर्य वाटलं की त्याने तो परत लावून पाहिला. मग त्याने दवाखान्याची रीत इथे आणली. औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या, प्रत्येक बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन वेगळ्या बाटलीत टाकला आणि बाटलीवर चिठ्ठी डकवली: 'डावी बाजू, वरून दुसरा, वॉशरसह.' पंधरा दिवसांत शेडच्या फळीवर अशा सत्तर-ऐंशी बाटल्या उभ्या राहिल्या.

"एका वेळी किती घ्यायचे, जेवणाआधी की नंतर, तेही लिहा," बायको म्हणाली.

पण पिस्टन काही केल्या हलेना. सिलिंडरात वरून रॉकेल आणि तेल मिसळून ओतायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी चाकाला लांब पहार लावून जोर करायचा. रोज सकाळी हे चालायचं आणि रोज चाक ढिम्म. एकदा जोर इतका केला की पहार निसटली आणि तो भिंतीवर जाऊन आपटला. मग एक चाक उतरवण्यासाठी ते दांड्यावर घट्ट धरणारी पोलादी पाचर काढायचा त्याने प्रयत्न केला. हातोड्याने चांगलं बडव-बडव बडवलं. पाचर निघाली नाहीच, उलट तिच्या डोक्याला चीर गेली. तीनदाच्या तोंडचं पाणी पळालं. असला सुटा भाग आता जगात कुठे मिळणार? तो पार हातपाय गाळून त्या चाकापाशी बसून राहिला.

या इंजिनाची नस न् नस ठाऊक असलेला एकच माणूस जिवंत होता.  चार दिवस तीनदा मिस्त्रीच्या दारासमोरच्या खांबापर्यंत गेला आणि परत आला. पाचव्या दिवशी तीच पावलं थबकलेली ऐकून मिस्त्रीनेच त्याला हटकलं.

"रोज येऊन इथल्या खांबाला भेटून जातोस, काय काम आहे त्याच्याकडे?"

मिस्त्री दारातल्या बाकड्यावर बसून एक कुलूप उघडत होता. आता पंचाहत्तरी उलटलेली. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. पण कुलपाच्या आत तो बघतच नव्हता, नुसता अंगठा फिरवत होता.

तीनदाने एका दमात सांगून टाकलं. वखारवाल्यांचा मुलगा, इंजिन उघडतोय, पाचर निघत नाही, चीर गेली.

मिस्त्रीचा अंगठा थांबला. त्याने कुलूप बाकड्यावर ठेवलं. मग म्हणाला, "पाचर ठोकून निघत नाही रे शहाण्या. ठोकलीस की आणखी आत बसते. तिच्या डोक्यामागे दुसरी पाचर घाल, ती ओढून काढेल. आणि पिस्टनला घाई करू नकोस. सकाळ-संध्याकाळ थोडा ताण दे आणि सोड."

"बरं."

"आणि ऐक. त्या चाकामागे पंप आहे. त्या दिवशी पेटीतलं तेल आत आलं होतं की नाही, ते पंप काढला की दिसतं. बेचाळीस वर्षं मी सांगत आलोय की एकदा उघडा आणि बघा. तुझ्या बापाने उघडू दिलं नाही. आता तू उघडतोयस, तर पंप माझ्यासमोर उघडायचा. कोण खोटं बोललं ते मला माझ्या हाताने बघायचंय."

"हो मिस्त्री," तीनदा म्हणाला, आणि घरी येईपर्यंत त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजून गेली होती. मिस्त्रीची इतकी खात्री होती! खात्री असलेल्या माणसाचीच बाजू खरी असणार, असं तीनदासारख्यांना नेहमी वाटतं.

पुढचं सगळं मात्र मिस्त्रीने सांगितलं तसंच झालं. पाचर निघाली. नवव्या दिवशी सकाळी पहारेवर जोर दिला तेव्हा दुसरं चाक नखभर सरकलं. तीनदाने धावत जाऊन बायकोला बोलावून आणलं. तिलाही सरकलेलं दिसलं, तिने कौतुकही केलं, आणि त्याला दोन घोट आनंदाचे मिळतात न मिळतात तोच त्याला पुढचं आठवलं. पिस्टन सुटला, आता पाचर काढलेलं चाक उतरवायचं आणि मग पंप. गुरुवारी चाक काढून भिंतीला टेकवलं. मिस्त्रीला निरोप गेला, त्याने रविवारी येतो म्हणून कळवलं.

गुरुवार ते रविवार म्हणजे तीन दिवस. त्या तीन दिवसांतला पहिला दिवससुद्धा तीनदाला पुरा करता आला नाही. तो पंपाकडे बघायचा, बाहेर जायचा, परत येऊन बघायचा. रविवारी मिस्त्री येणार, पंप उघडणार, आत कोरडं निघणार, आणि मिस्त्री त्याच्याकडे वळणार. तो चेहरा तीनदाला जेवताना दिसायला लागला. तो निकाल त्या माणसासमोर उभं राहून ऐकायची त्याच्यात ताकद नव्हती. आधी एकट्याने ऐकावा, म्हणजे निदान रविवारी चेहरा सावरून उभं राहता येईल, असा त्याने विचार केला. शुक्रवारी सकाळी बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र सुरू झालं तसं त्याने शेडचं दार लोटून घेतलं आणि पाना हातात घेतला.

तीन बोल्ट होते. तिन्ही निघाले. पंप मात्र चिकटून बसलेला. लाकडाने हळूहळू ठोकत त्याने तो सैल केला, दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढला, आणि त्याच्या तळहातावर काहीतरी थंड आणि घट्ट ओघळलं. जुनं तेल. डांबरासारखं काळं झालेलं, पण तेलच. पंप काठोकाठ भरलेला होता.

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये पुठ्ठ्याचं पॅकिंग होतं, जोडातून तेल गळू नये म्हणून बसवतात ते. त्याने नखाने ते सोडवलं. बोल्टांची तीन भोकं, गोल, सुबक. आणि मधोमध, जिथून तेल पंपातून इंजिनात जायला हवं तिथे, भोकच नव्हतं. पुठ्ठ्याच्या पंपाकडच्या अंगाला त्या जागी काळा गोल डाग, आणि तेलाच्या दाबाने तिथे पुठ्ठा थोडा फुगलेला. दुसरं अंग कोरं. मागच्या नळीत त्याने तार घालून पाहिली. तार कोरडी आली.

तेल होतं. त्याने तेल घातलं होतं. पेटीतून पंपात आलेलं तेल या पुठ्ठ्यापाशी येऊन दोन दिवस थांबलं होतं, आणि पलीकडे इंजिन बेअरिंगांना आधी चोपडलेल्या तेलावर जेवढं चालायचं तेवढं चाललं होतं.

तीनदा खाली बसला. त्याला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम आलं. बेचाळीस वर्षं! कड्या, शेगड्या, चिठ्ठ्या! बायकोला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पुठ्ठ्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला बारका शब्द त्याला दिसला: 'वर'. शेजारी बाण. पॅकिंग उलटं बसू नये म्हणून केलेली खूण. वळणदार, ऐटीत काढलेली अक्षरं. बाजारचं पॅकिंग मिस्त्री कधी लावायचा नाही. स्वतः कापायचा, आणि प्रत्येकावर असं लिहायचा.

तीनदाने हाक मारली नाही.

ज्याच्या नावाने त्याने इतकी वर्षं स्वतःला खाल्लं होतं, तो माणूस परवा येणार होता. डोळ्यांनी अधू, हाताने थरथरता, आणि 'माझं काम चोख होतं' या एका वाक्याच्या आधारावर आजवर ताठ बसलेला. ते वाक्य काढून घेतलं तर त्याच्याकडे राहणार तरी काय? आपण सुटलो याचा आनंद तीनदाला अर्धा तास टिकला असेल-नसेल. मग जी धाकधूक सुरू झाली ती आधीच्यापेक्षा वाईट होती. आधी भीती स्वतःची होती. स्वतःची भीती त्याच्या अंगवळणी पडलेली होती.

पॅकिंग जाळून टाकावं? मिस्त्री पहिलं तेच मागेल. फाटलं म्हणावं? तुकडे मागेल. शनिवारी दुपारी बायको मशीनवर असताना तीनदा तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"तुझा तो कापडात रिंगा बसवायचा पंच दे ना जरा."

"कशाला?"

"पॅकिंगला भोक पाडायचंय."

"धार घालवू नका त्याची," तिने खणातून काढून दिला. "आणि असे पांढरेफटक का दिसताय? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे," तो म्हणाला. आणि शेडमध्ये जाऊन त्याने त्या बेचाळीस वर्षांच्या पुठ्ठ्यावर, काळ्या डागाच्या बरोबर मध्ये, पंच ठेवून ठोका मारला. मग रॉकेलने पंप आतून असा पुसून काढला की तिथे कधी काळी तेल होतं असं कुणी म्हणू नये. आदल्या दिवशीपर्यंत तेल पुढे जात होतं असं दिसावं म्हणून मागच्या नळीत बोटभर तेल सोडलं, पुसलं, पुन्हा सोडलं. माणसाने पहिल्यांदाच खोटेपणा करायला घेतला की तो किती मेहनत करतो, बघा.

रविवारी मिस्त्री आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. काठी टेकत टेकत शेडमध्ये शिरला. खिशात त्याचा स्वतःचा पाना होता, वखारीतून काढलं तेव्हा बरोबर नेलेला. 

"चल. कुठे आहे पंप?"

"मिस्त्री, मी थांबलो नाही. उघडला." तीनदाने पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. "आत ठणठणीत कोरडा होता. तेल नव्हतंच. मी त्या दिवशी घातलंच नव्हतं. तुमची काही चूक नव्हती."

मिस्त्री तसाच उभा राहिला. मग काठी भिंतीला लावून तो खोक्यावर बसला आणि त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"माझ्यासमोर उघड म्हटलं होतं," तो म्हणाला, पण त्यात राग नव्हता. चेहरा उजळला होता. "घाबरलास होय? बापाला घाबरलास तसाच. जाऊ दे. पोरवय होतं तुझं, मीही असतो तर 'हो'च म्हणालो असतो." त्याने खिशातला रुमाल काढून डोळे पुसले, नाक पुसलं. "जाऊ दे आता. कामाला लागू. पुठ्ठा आणलायस ना नवा? आण इकडे ते जुनं पॅकिंग, त्याच्यावर ठेवूनच नवीन कापायचं असतं."

तीनदाने ते त्याच्या हातात दिलं. देताना त्याचा जीव टांगणीला लागला होता, पण मिस्त्रीला दिसतं किती? चार हातांवरचा माणूस ओळखू येत नव्हता.

मिस्त्रीने बघितलंच नाही. अंगठा फिरवला. बाहेरच्या कडेवरून, मग पहिल्या भोकावरून, दुसऱ्या, तिसऱ्या. मग मधल्या भोकावर आला आणि तिथेच राहिला. पुठ्ठा उलटा केला. परत अंगठा. मग नाकापाशी नेऊन वास घेतला.

"हे भोक माझं नाही."

तीनदाने नवा पुठ्ठा पुढे सरकवला.

"बाकीची तीन बघ. तेल पिऊन, दाबून दगड झालीत. याची कडा हाताला लागते. हे कालचं आहे."

"कालचंच," तीनदा म्हणाला. खोटं बोलायचा सराव नसला की माणूस असा विचारलं की फटकन खरं सांगून मोकळा होतो.

 बाहेरच्या खोलीतलं शिवणयंत्र चालू होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं.

"म्हणजे भोक नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

"नव्हतं."

"आणि पंप?"

"काठोकाठ भरलेला होता."

मिस्त्रीने मान हलवली. एकदा, दोनदा, हिशेब पटल्यासारखी. चेहऱ्यावरचा मघाचा उजेड केव्हाच गेला होता आणि तो एकाएकी फार म्हातारा दिसायला लागला. "तुझ्या बापाने मला हाकललं," तो सावकाश म्हणाला, "ते बरोबर हाकललं."

"नाही मिस्त्री, ऐका." तीनदा पुढे सरकला. "त्या दिवशी त्यांनी विचारलं आणि मी 'हो' म्हणालो, तेव्हा मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तेल निघालं हे माझं नशीब. मी काही बघून बोललो नव्हतो. मी घाबरून बोललो, आणि ते तुमच्यावर गेलं. त्यानंतर तोंड उघडायला मला अख्खा जन्म होता. मी उघडलं नाही."

हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्याला हलकं वाटलं नाही. नुसती लाज वाटली.

मिस्त्रीने ते ऐकलं की नाही कळेना. तो हातातल्या पुठ्ठ्याशीच बोलल्यासारखा बोलत होता. "माझी बायको या गोष्टीवरून लोकांशी भांडायची. नळावर, दुकानात. कुणी काही बोललं की म्हणायची, माझ्या नवऱ्याचा हात चुकत नाही. जाईपर्यंत म्हणत होती. मीच तिला सांगितलं होतं ना." त्याने पुठ्ठा मांडीवर ठेवला. "तिला आता कोण सांगणार?"

 तीनदाने पाण्याचा तांब्या पुढे केला. मिस्त्री थोडं पाणी प्याला आणि तांब्या खाली ठेवून इतका वेळ बसून राहिला की आता हा उठून जाणार, आणि पुन्हा कधी या दारात येणार नाही, असं तीनदाला वाटायला लागलं. काठी घ्यायला मिस्त्रीचा हात पुढे आलाही. पण तो काठीवर न जाता शेजारच्या नव्या पुठ्ठ्यावर पडला.

"पेन्सिल दे."

त्याने जुनं पॅकिंग नव्यावर ठेवलं आणि अंगठ्याने दाबून धरत भोवती रेघ ओढली. रेघ थरथरत होती, पण जायची तिथूनच गेली. कात्रीने कापलं. बोल्टांच्या तीन खुणांवर पंच ठेवून तीन ठोके मारले. मग चौथ्या, मधल्या खुणेवर पंच ठेवला, हातोडी उचलली आणि ती वरच राहिली.

"तू पाड," तो म्हणाला. "माझा मला भरवसा राहिला नाही."

"पंच तुम्हीच धरा," तीनदा म्हणाला. "मी ठोकतो."

"माझा हात हलतोय. बोटावर बसेल."

"नाही बसणार."

मिस्त्रीने पंच धरला. तो हलत होताच. तीनदा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला, त्याच्या थरथरत्या मुठीभोवती आपला डावा हात गच्च धरला, आणि हात थांबेपर्यंत थांबला. मग उजव्या हाताने एकच ठोका मारला.

"पडलं?"

तीनदाने पुठ्ठा उचलून दाराकडच्या उजेडात धरला. पलीकडचं अंगण दिसत होतं.

"पडलं. आरपार आहे. हे घ्या, अंगठा लावून बघा."

मिस्त्रीने हात पुढे केला नाही. "तू बघितलंस ना?" तो म्हणाला. "मग झालं." आणि फळीवरच्या बाटल्यांकडे वळून त्याने विचारलं, "यातल्या कुठल्या बाटलीत पंपाचे बोल्ट आहेत, ते सांग."